माळवदाखालची हवा

जुन्या सोलापुरातल्या एखाद्या वाड्याची माडी एप्रिलमध्ये पाहावी. फळ्या उघड्या असतील, वर मातीचा थर नसेल, तर दोन फळ्यांमध्ये फट दिसते. खालच्या ओसरीतला उजेड त्या फटीतून वर येतो आणि माडीवर कुणी चाललं की खाली बारीक धूळ झरते. तीच माडी श्रावणात पाहिली तर फट गायब. फळ्या एकमेकींना भिडलेल्या, आणि जिन्याच्या तोंडाचं दार चौकटीत असं रुतलेलं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. मधल्या काळात सुतार तिकडे फिरकलेलाही नसतो. बदललेली असते ती घरातली हवा.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस बेताचा, तोही लहरी. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. ऑगस्टच्या सकाळी तीच ८० टक्क्यांच्या वर गेलेली असते. मुंबईची हवा वर्षभर दमट असते, त्यामुळे तिथल्या लाकडाला दमटपणाची सवय होते. सोलापूरच्या लाकडाला दर वर्षी या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन परत यावं लागतं.

सुकवलेलं लाकूडही पूर्ण कोरडं कधी नसतं. भोवतालच्या हवेतून ते बाष्प घेतं आणि हवा कोरडी पडली की सोडतं. २५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पुरेसा काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ५ टक्के पाणी उरतं, ८० टक्क्यांच्या हवेत ते १५-१६ टक्क्यांपर्यंत चढतं. घराच्या आत हा फरक थोडा कमी होतो, तरी एक फूट रुंदीची सागवानी फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटर आकसते किंवा फुगते. साग हे या बाबतीत सगळ्यांत शहाणं लाकूड. बाभळीची फळी याहून जास्त हलते, शिवाय पीळ घेते. मात्र ही हालचाल रुंदीत होते. लांबीत लाकूड जवळजवळ बदलतच नाही. म्हणून वाड्याच्या तुळया आणि खांब शंभर वर्षं आपल्या जागी राहतात आणि तक्तपोशीच्या फळ्या मात्र दर वर्षी जागा शोधत राहतात.

लाकडाच्या या स्वभावाचं मूळ सेल्युलोजमध्ये आहे. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. कापसाचं सूत म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि विडीला लागणाऱ्या तेंदूच्या पानाचा सांगाडाही त्याचाच. सोलापूरच्या घराघरांत डोक्यावर तुळई, समोर सूत आणि सुपात पान, अशा तीन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. तिघींनाही हवेतलं पाणी कळतं, पण तिघींची मागणी वेगळी. त्या सांभाळताना घरातल्या माणसांनी हवा कशी राखली, हा या शहराचा फारसा न लिहिला गेलेला इतिहास आहे.

सुरुवात छपरापासून करायला हवी. या भागातलं जुनं घर माळवदाचं. खाली दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या. घर मोजायचं ते खणांवर: दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ऐपतदार घरी कड्यांवर सागाच्या फळ्या, म्हणजे कडीपाट. साध्या घरी बाभूळ, कडुनिंब यांच्या चिरफळ्या किंवा तुरकाठ्या. त्यावर पाला, गवत, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यांत वर पांढरी माती. शेतातली काळी माती इथं चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. छपरावर टाकली तर पहिल्याच वळवानंतर घरात धार लागते. पांढरी माती दाबली की घट्ट बसते आणि पाणी वरून वाहून जातं. ही माती जुन्या गावठाणाच्या टेकाडातून आणायची. शतकानुशतकं माणसांनी राहून, चुली पेटवून, भिंती पाडून आणि पुन्हा बांधून तयार झालेली ती माती, म्हणून तिच्यात जुनी खापरं आणि राख हमखास सापडते.

माळवदाचा थर दीड-दोन फुटांपर्यंत जाड असतो. उन्हापासून बचाव ही त्याची सर्वांना माहीत असलेली बाजू. दुसरी बाजू कमी बोलली जाते: हा थर खालच्या लाकडाला हवेच्या झटक्यांपासून वाचवतो. कच्ची माती दमट हवेतलं बाष्प पिऊन ठेवते आणि हवा सुकली की हळूहळू परत देते. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठात गर्नोट मिंके यांनी यावर प्रयोग केले. खोलीतली आर्द्रता ५० वरून ८० टक्क्यांवर नेल्यावर दोन दिवसांत कच्च्या विटांनी भाजलेल्या विटांच्या तीसपट बाष्प शोषून घेतलं. सोलापूरच्या गवंड्याला हा आकडा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण तो माडीच्या फळ्यांवरही मातीचा थर देऊन वर सारवण किंवा चुन्याचा कोबा करत आला. जिथं असा थर टिकला तिथल्या फळ्या कमी उघडल्या आणि जिथं हौसेनं फळ्या उघड्या ठेवल्या तिथं फटींवर पट्ट्या ठोकाव्या लागल्या.

१८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली. लांबचा साग आणणं सोपं झालं आणि व्यापारी पेठांतल्या वाड्यांची लाकूडकामं ठसठशीत होत गेली. समुद्रकाठच्या वखारीतून आलेलं लाकूड मात्र तिथल्या दमट हवेत मुरलेलं असे. ते सोलापुरात आणून लगेच बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात उलतं. समंजस सुतार लाकूड आणून सावलीत, खाली ओंडके ठेवून, थरांमध्ये हवा खेळेल असं रचून ठेवतो आणि एखादा उन्हाळा जाऊ देतो. फळीला खिळे कमी आणि खुंट्या किंवा खाचेचे जोड जास्त, हाही त्याच अनुभवाचा भाग. फळीला हलायला जागा ठेवली नाही तर ती खिळ्यापाशी चिरते.

माळवद नुसतं बांधून भागत नाही, ते दर वर्षी राखावं लागतं. रोहिणी सरत आल्या, मृग तोंडावर आला की घरातले पुरुष टोपल्या घेऊन वर चढत. गवताची मुळं उपटायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळी करायची, पांढरीचा नवा हात द्यायचा, धुमुसानं चोपायचं. यातली हयगय खाली तुळईला भोगावी लागते. गळतीचं पाणी भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी साठतं. तिथं हवा लागत नाही आणि ओल सुकत नाही. मधला भाग ठणठणीत दिसत असताना टोक आतून भुसा झालेलं असतं. जुन्या घराची पाहणी करणारा जाणता माणूस म्हणून तुळईच्या मध्यावर बोट ठेवत नाही, भिंतीलगत ठोकून आवाज ऐकतो.

घराच्या आतल्या हवेचं रोजचं काम बायकांच्या वाट्याला होतं. शेणाचं सारवण, अंगणातला सडा, ओल्या कोपऱ्यातला रांजण यांनी उन्हाळ्यात खोलीतली हवा थंड व्हायची आणि तिच्यात बाष्पही यायचं. सारवलेली जमीन वाळताना जे पाणी हवेत जातं, त्याचा हिशेब कुणी कधी मांडला नाही. त्या श्रमाचाही नाही.

आता सुताकडे वळावं. सोलापूरचे जुने विणकर साळी, कोष्टी, मोमीन. पुढे तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं मोठ्या संख्येनं आली आणि शहराच्या पूर्वेकडच्या पेठांना त्यांच्या मागांचा ठेका मिळाला. हातमागावर लुगडी निघत, सूत बहुतेक गिरणीचं. १९४७ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं र. ग. काकडे यांनी केलेला इथल्या विणकर समाजांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला, इतकं या धंद्याचं शहरावर वजन होतं.

सूत कोरडं पडलं की तुटतं. ओल मिळाली की कापसाचा धागा उलट बळकट होतो. लोकर किंवा रेयॉन ओले झाले की कमजोर पडतात, कापसाचं तसं नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापसात साडेआठ टक्के पाणी असतं आणि जगभरच्या व्यापारात सुताचं वजन याच प्रमाणावर धरलं जातं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते याच्या निम्म्याच्याही खाली जातं. शिवाय ताण्याला पिठाची खळ दिलेली असते. खळ हवेतल्या ओलीवर लवचीक राहते. हवा सुकली की ती कडक होते, धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर तिचे कण झडतात आणि उघडा पडलेला धागा फणीत घासून तुटतो. तुटलेला एक धागा शोधून, वहीतून ओवून, फणीतून काढून सांधायचा म्हणजे हातातलं काम थांबतं. विणकराची मजुरी मिनिटांवर नाही, निघालेल्या कापडावर. कोरड्या हवेची किंमत तो रोज मोजायचा.

त्यानं काढलेला उपाय जमिनीत होता. खड्ड्याचा माग असा बसवतात की विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली पावड्यांवर असतात आणि ताणा जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर पसरलेला असतो. पावड्यांना जागा हवी हे खड्ड्याचं उघड कारण आहे. पण घरात सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत ओलसर हवा जमिनीलगतच असते, आणि खड्ड्यातली माती ती ओल धरून ठेवते, हेही तितकंच खरं. उन्हाळ्यात खड्ड्यात आणि मागाखाली पाणी शिंपडायचं, ओलं पोतं टाकायचं, खिडक्या लहान ठेवायच्या, दुपारची झळ आत येऊ द्यायची नाही. वर माळवद, खाली सारवलेली जमीन, मध्ये अंधूक उजेड. बाहेरून आलेल्या पाहणाऱ्याला ही खोली कोंदट वाटेल. सुताला ती मानवायची.

पांजणी मात्र याच्या उलट. ताण्याला खळ देऊन कुंचल्यानं सारखी करायची तर लांब मोकळी जागा लागते, म्हणून ते काम गल्लीत, पहाटेच्या वेळी. ऊन चढलं तर खळ झटकन वाळून तडकते, पाऊस असेल तर वाळतच नाही. एप्रिलचा कोरडेपणा आणि आषाढाची झड या दोन्हींच्या मध्ये विणकराची खरी सुगी होती.

मागाशेजारी, त्याच खोलीत किंवा उंबऱ्यात, घरातल्या बाया विड्या वळत. सोलापूरच्या कामगार कुटुंबांत हे आजही मोठं काम आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे बायकांचं. तेंदूचं पान सुकं असेल तर कात्री लागताच फुटतं. म्हणून ते भिजवून, पाणी निथळवून ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवायचं आणि मग पत्र्याच्या मापावर कापायचं. उन्हाळ्यात कापलेली पानंही मांडीवरच्या सुपात सुकायला लागतात. जास्त ओल राहिली तर वळलेल्या विडीला बुरशी. दमटपणाचा एवढा बारीक अंदाज रोज बोटांनी घेणाऱ्या या बायकांना कुणी कारागीर म्हणत नाही, ही मोठी चूक आहे.

गिरणी आली तेव्हा हवेचं हे काम माणसाच्या हातातून यंत्राकडे गेलं. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, पुढे सगळे जिला जुनी मिल म्हणू लागले ती, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा दख्खनमध्ये १८७६-७८ चा दुष्काळ होता आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळत होता. रानात पिण्याला पाणी नाही, अशा मुलखात सुताला मानवेल अशी हवा उभी करायची होती. नंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारं शहर तयार झालं.

कापडगिरणीचं माहेर असलेल्या लँकेशरला ही अडचण फारशी नव्हती. तिथली हवाच ओलसर. तरी तिथल्या मालकांनी जास्त खळ लावलेलं हलकं सूत चालवण्यासाठी मागांच्या दालनात वाफ सोडायला सुरुवात केली. कामगार घामानं निथळून बाहेरच्या थंडीत पडायचे आणि छातीच्या दुखण्यांनी खंगायचे. त्यांनी संघटित होऊन आवाज उठवला आणि १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून दालनात किती बाष्प चालेल याची मर्यादा घातली. हवेत किती पाणी असावं, हा प्रश्न कामगार चळवळीचा होऊ शकतो हे तिथं पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

भारतात साचे खात्यात, म्हणजे मागांच्या दालनात, आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या घरात ठेवावी लागते. उष्ण प्रदेशात याचा अर्थ फार कठोर आहे. घाम वाळला तर शरीर थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही. सुताला जे सोसतं ते माणसाला सोसत नाही. हातमागाच्या खोलीतही हा विरोध होता, पण तिथं विणकर उठून ओट्यावर जाऊ शकत होता. गिरणीत पाळी संपेपर्यंत सुटका नाही. वर कापसाची धूळ. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १५ खास या कृत्रिम दमटपणासाठी होतं: आर्द्रतेचं प्रमाण ठरवून देणं, ती मोजणं, आणि फवाऱ्याचं पाणी शुद्ध असणं. 

जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, पुढे बाकीच्याही. यंत्रमागांच्या कारखान्यांत चादरी आणि टॉवेल विणले जाऊ लागले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पत्र्याच्या शेडमधल्या यंत्रमागाला ना माळवदाची माती, ना जमिनीतला खड्डा.

माळवदावरचा लोकांचा विश्वास मात्र एका पहाटेत गेला. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. केंद्र सोलापूरपासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. हजारो माणसं झोपेत गेली. मरण आलं ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींतून आणि वरच्या मातीच्या ओझ्यातून. गळती थांबवायला पिढ्यान्‌पिढ्या दर मृगाला नवी माती चढवली, जुनी कधी उतरवली नाही. छप्पर दर वर्षी थोडं थोडं जड होत गेलं. लाकडाला ओल लागू नये म्हणून घेतलेली काळजीच डोक्यावर साठत होती. तरी पाहणी करणाऱ्यांना अनेक ठिकाणी दिसलं की भिंती बाहेर कोसळल्या पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जिथं जोड पक्के आणि टोकं सडलेली नव्हती तिथं लाकडानं माणसं वाचवली. हे दुसरं सत्य तेव्हाच्या दुःखात आणि धास्तीत कुणाच्या कानी पडणं शक्यच नव्हतं. मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात लोकांनी भराभर माळवदं उतरवली, पत्रे घातले, जमलं तसा स्लॅब टाकला.

उतरवलेल्या तुळया आणि कडीपाट जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. हा साग आजही हातोहात खपतो, त्याची टेबलं, दारं, हॉटेलांच्या जमिनी होतात. जुनं लाकूड हलत नाही, असा समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. आतले ताण निवळलेले असतात, म्हणून ते पीळ कमी घेतं. पण हवेतलं पाणी ते पूर्वीसारखंच घेतं आणि सोडतं. त्यात आता कूलर आला आहे. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बंद खोलीतली २०-२५ टक्के आर्द्रता कूलर लावताच काही तासांत दुपटी-तिपटीनं वाढते आणि बंद केला की पुन्हा उतरते. पूर्वी जो फेरा वर्षातून एकदा होता तो आता रोजचा. नव्या फ्लॅटमध्ये हौसेनं टाकलेली लाकडी जमीन कूलरच्या झोतासमोर कडांनी उचलते, ती याच कारणानं. जमीन टाकण्याआधी फळ्या आठ-पंधरा दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, भिंतीलगत बोटभर मोकळी जागा सोडून ती पट्टीनं झाकावी, आणि उन्हाळ्यात बसवताना फळ्या आवळून बसवू नयेत, कारण त्यांना पावसाळ्यात फुगायचं आहे.

विणकर आणि विडी कामगारही नव्या घरांत गेले. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली. रे नगर या ३०,००० घरांच्या प्रकल्पातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणं हा या बायकांनी दीर्घ लढ्यानं मिळवलेला हक्क आहे आणि त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. मात्र सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. पंखा लावावा तर सुपातलं पान सुकतं, न लावावा तर बसवत नाही. माळवद परत आणा, असं किल्लारीनंतर कुणी म्हणणार नाही. पण स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात देणं, दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींना सावली करणं, आणि काम करायला ओसरीएवढी झाकलेली, वारा खेळणारी जागा ठेवणं, एवढं पुढच्या टप्प्यांच्या नकाशांत बसू शकतं. ते नकाशे काढताना विडी वळणाऱ्या दोन-चार बायकांना समोर बसवावं. पानाला किती ओल लागते आणि अंगाला किती सोसते, हे त्यांना मोजमापाशिवाय सांगता येतं.